सात विजय, एक हार आणि ऑर्लँडो अपोलोज

ऑर्लँडो अपोलोज ही आमच्या फ्लोरिडातली अमेरिकन फुटबॉलची टीम 2019 ची चॅम्पियन होती असं मी मानतो आणि कोणी विचारलं तर तसंच सांगतो. रेकॉर्डमध्ये शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण त्या लीगचा चॅम्पियन कोणीच नाही, फायनल झालीच नाही, दहा आठवड्यांचा सीझन ठरलेला होता आणि आठव्या आठवड्यानंतर अख्खी लीगच बंद पडली. पण आठ मॅचपैकी सात आमच्या पोरांनी मारल्या होत्या, दुसरी कुठलीच टीम त्यांच्या आसपास नव्हती, आणि कोच स्टीव्ह स्परिअर यांनी नंतर आपल्या टीमला उघडपणे चॅम्पियन म्हटलं. बऱ्याच लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

भारतातल्या मित्रांना हे सांगताना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तर इथेही करतो. अमेरिकन फुटबॉल म्हणजे एनएफएल ही मोठी लीग, सप्टेंबरात सुरू, फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी सुपर बोल, म्हणजे तिची फायनल, झाला की खेळ संपला, मग उन्हाळा संपेपर्यंत लोक नुसते कोण कुठल्या टीमात गेला याच्या गप्पा मारतात. या रिकाम्या महिन्यांवर कित्येकांचा डोळा असतो. वसंतात फुटबॉल चालवू, एनएफएलने नाकारलेली पोरं घेऊ, टीव्हीवाल्यांना गाठू, असं म्हणत दर काही वर्षांनी एक नवी लीग उभी राहते आणि बहुतेकदा एक-दोन सीझनात गुंडाळली जाते. 2019 ची लीग होती अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल, लोक तिला एएएफ म्हणायचे. चार्ली एबरसोल नावाचा टीव्ही प्रोड्यूसर आणि बिल पोलियन हे एनएफएलमधले जुने जाणते मॅनेजर, या दोघांनी मार्च 2018 मध्ये घोषणा केली आणि 9 फेब्रुवारी 2019 ला पहिली मॅच लावली सुद्धा. म्हणजे अकरा महिन्यांत आठ शहरांत आठ टीमा, कोच, खेळाडू, मैदानं, युनिफॉर्म, इन्शुरन्स, सगळं. एवढी घाई का, तर टीव्हीवरच्या कुस्तीचे शो चालवणारे विन्स मॅकमहन यांनी आपली एक्सएफएल ही अशीच जुनी फुटबॉल लीग 2020 मध्ये परत आणायचं जाहीर केलं होतं आणि यांना त्याच्या आधी मैदान मारायचं होतं. चार्लीचे वडील डिक एबरसोल हे 2001 च्या पहिल्या एक्सएफएलमध्ये मॅकमहन यांचे भागीदार होते, ती लीग एका सीझनात आटोपली होती, आणि पोराने त्या फसलेल्या लीगवर डॉक्युमेंटरीही केली होती. इतकं सगळं जवळून बघितलेल्या माणसाने परत तीच वाट धरावी याचं मला आजही नवल वाटतं.

मी ऑर्लँडोच्या पूर्वेला राहतो, युनिव्हर्सिटीच्या बाजूला, आणि अपोलोज त्याच युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये खेळायचे. तोवर मी हा खेळ टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत बघितलेला, नियम अर्धवट माहीत. एनएफएलची टीम आमच्या शहरात नाही, टॅम्पाला किंवा जॅक्सनविलला जावं लागतं, आणि तिथल्या तिकिटाचे भाव बघितले की आपण घरीच बरे असं वाटतं. अपोलोजचं तिकीट परवडण्यासारखं होतं. ऑफिसातल्या एकाने दोन जास्तीची काढली होती, म्हणाला येतोस का, गेलो.

त्या स्टेडियमला लोक बाउन्स हाउस म्हणतात. 2007 साली बांधलेलं, स्टीलच्या सांगाड्याचं, बसायला अ‍ॅल्युमिनियमची बाकडी. लोक एकदम उड्या मारायला लागले की अख्खा स्टँड पायाखाली हलतो, खरंच हलतो, पहिल्यांदा अनुभवलं की पोटात गोळाच येतो. पहिल्या रात्री स्टेडियम काही भरलेलं नव्हतं, वीसेक हजार लोक असतील आणि जागा त्याच्या दुपटीहून जास्त, पण नारिंगी-निळ्या रंगाच्या त्या वीस हजारांनी बाकडी अशी काही बडवली की माझ्या हातातला सोड्याचा कप थरथरत होता. समोर अटलांटा लेजेंड्स. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करून पास फेकणारा मुख्य खेळाडू, गॅरेट गिल्बर्ट. आणि मग ती चाल झाली, जी मला आजही फ्रेम बाय फ्रेम आठवते: बॉल गिल्बर्टकडे यायला हवा, तोच पास करणार असं सगळे धरून चाललेले, तर बॉल गेला जेलिन मार्शलकडे, जो एरवी पास झेलणारा, आणि गिल्बर्ट सगळ्यांची नजर चुकवून निवांत सटकला तो थेट एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, मार्शलने बॉल फेकला आणि क्वार्टरबॅकने झेलला. टचडाउन. माझ्या शेजारी बसलेली अनोळखी बाई माझा खांदा धरून उड्या मारत होती. मॅच आम्ही 40-6 ने जिंकली.

खेळात त्यांनी काही बदल केले होते आणि ते चांगले होते, हे मी आवर्जून सांगतो कारण लीग बुडाली म्हटल्यावर लोकांना वाटतं सगळंच टाकाऊ असणार. किकऑफ, म्हणजे बॉल लाथेने समोरच्यांकडे उडवून खेळ सुरू करणं, काढून टाकला, कारण दोन्हीकडून माणसं सुसाट धावत येऊन आदळतात आणि त्यात डोक्याला लागतं. टचडाउननंतरची एका पॉइंटची किक बंद, प्रत्येक वेळी दोन पॉइंटसाठी परत चाल खेळायची. वर बॉक्समध्ये बसलेला एक जास्तीचा अंपायर, स्काय जज म्हणायचे त्याला, खाली काही सुटलं तर तो वरून दुरुस्त करायचा. आणि सगळ्यात मला आवडलेलं म्हणजे रिप्ले बघताना अधिकारी आपसात काय बोलतायत ते टीव्हीवर थेट ऐकू यायचं. निर्णय कसा झाला, कुठल्या कोपऱ्यातून बघितल्यावर त्यांचं मत बदललं, सगळं उघड. पहिल्या रात्री टीव्हीवर ज्यांनी बघितलं त्यांची संख्या त्याच वेळी चाललेल्या एनबीएच्या बास्केटबॉल मॅचपेक्षा किंचित जास्त निघाली. म्हणजे बघणारे लोक होते. हे लक्षात ठेवा.

आता स्परिअर यांच्याबद्दल. फ्लोरिडात हे नाव घेतलं की लोक सरसावून बसतात. 1966 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, त्यांनी फ्लोरिडा गेटर्सकडून खेळताना मिळवली, आणि तीस वर्षांनी त्याच गेटर्सचा कोच म्हणून 1996 ची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली. पण हेड कोच म्हणून त्यांची पहिली नोकरी कुठली होती, तर टॅम्पा बे बँडिट्स, 1983 ते 85, यूएसएफएल नावाच्या अशाच एका वसंतातल्या लीगमधली टीम. चांगली चाललेली, लोक भरभरून यायचे, बर्ट रेनॉल्ड्स हा नट मालकांपैकी एक. मग न्यू जर्सीच्या टीमचे मालक डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी लीग वसंतातून उचलून शरद ऋतूत, थेट एनएफएलच्या समोर नेऊन ठेवायचं ठरवलं. बँडिट्सचे मुख्य मालक जॉन बॅसेट शेवटपर्यंत विरोध करत राहिले, कॅन्सरशी झगडत असतानाही, आणि 1986 साली गेले. त्याच वर्षी एनएफएलविरुद्धचा खटला यूएसएफएलने जिंकला, ज्युरी म्हणाली हो, एनएफएलची मक्तेदारी आहे, आणि नुकसानभरपाई दिली एक डॉलर. त्या कायद्यात रक्कम तिप्पट होते, म्हणून तीन डॉलर. लीग संपली.

म्हणजे 73 वर्षांचा हा माणूस, ज्याच्याकडे मान, पैसा, पुतळा सगळं आहे, ज्याने एकदा एक टीम हातातून अशी जाताना बघितलेली आहे, तो परत फेब्रुवारीच्या थंडीत मैदानाच्या कडेला उभा, डोक्यावर ती नेहमीची व्हायझर, आणि अनोळखी पोरांना चाली शिकवतोय. गोल्फ खेळत बसले असते तर कोणी नावं ठेवली नसती.

पोरांनाही किती मिळत होतं? कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं, एकूण अडीच लाख डॉलर, त्यातलं पहिल्या वर्षी 70 हजार. ऐकायला बरं वाटतं, पण हमी कशाचीच नाही, उद्या नको म्हटलं की संपलं. एनएफएलमधल्या सगळ्यात खालच्या खेळाडूलाही याच्या कित्येक पट मिळतात. ही पोरं पैशासाठी आलेली नव्हतीच, ती आली होती फिल्मसाठी. फिल्म म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग. एनएफएलचे स्काउट्स ते बघतात, आणि ज्याच्याकडे ताजी फिल्म नाही तो त्यांच्या हिशोबी नसल्यात जमा.

गिल्बर्टचंच घ्या. त्याचे वडील गेल गिल्बर्ट हे पाच वर्षं सलग सुपर बोलला पोचलेल्या टीमांमध्ये राखीव क्वार्टरबॅक होते, चार वेळा बफेलो, एकदा सॅन डिएगो, आणि पाचही वेळा हरले. मुलगा टेक्सास युनिव्हर्सिटीत गेला. जानेवारी 2010 ची नॅशनल चॅम्पियनशिप, समोर अलाबामा, मुख्य क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय सुरुवातीलाच जखमी, आणि पहिल्या वर्षाच्या या पोराला सगळ्या देशासमोर आत ढकललं. टेक्सास हरलं. पुढे तिथे त्याचं बस्तान बसलं नाही, कॉलेज बदललं, 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, सहाव्या फेरीत निवड झाली, मग या टीममधून त्या टीममध्ये, बहुतेक वेळ सराव करणाऱ्या राखीव पोरांत. अठ्ठावीस वर्षांचा होत आला तरी एनएफएलमध्ये एकदाही सुरुवातीपासून खेळायला मिळालेलं नाही. स्परिअर यांनी त्याच्या हातात टीम दिली आणि त्याने आठ मॅचमध्ये 2,152 यार्ड पास केले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. तेरा टचडाउन, फक्त तीन इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेले पास.

माझ्या दृष्टीने अपोलोजची खरी गोष्ट मात्र स्टेडियममध्ये नाही, हायवेवर आहे.

झालं असं, की फ्लोरिडाच्या कायद्यात व्यावसायिक खेळाडू वर्कर्स कॉम्पेन्सेशनमध्ये धरले जात नाहीत. म्हणजे कारखान्यात हात अडकला तर कामगाराला जे सक्तीचं विमासंरक्षण असतं, ते खेळाडूला नाही. मोठ्या एनएफएल टीमा आपापली सोय करतात, त्यांच्याकडे पैसा आहे, युनियन आहे. नव्या लीगला फ्लोरिडात तसा विमा मिळेना. शेजारच्या जॉर्जियात मिळत होता, पण मग खेळाडूंचं अर्ध्याहून जास्त काम जॉर्जियात झालं पाहिजे. म्हणून सीझनच्या अधेमधे अख्खी टीम ऑर्लँडो सोडून वर जॅक्सनविलला हॉटेलात राहायला गेली, आणि सरावासाठी बसने राज्याची हद्द ओलांडून किंग्सलँड नावाच्या छोट्या गावात जायची. मॅच ऑर्लँडोची, चाहते ऑर्लँडोचे, नाव ऑर्लँडोचं आणि टीम दुसऱ्याच राज्यात सराव करतेय.

मी त्या रस्त्याने कामानिमित्त जायचो. आय-95, सेंट मेरीज नदीवरचा पूल, पूल ओलांडला की जॉर्जिया लागलं, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, पेट्रोल पंप, शेंगदाणे आणि पीचच्या पाट्या. बघण्यासारखं काहीही नाही. त्या पुलावरून जाताना मला दरवेळी ती बस आठवते. तीनशे पौंडी लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड गडी, गुडघ्यांना बर्फ बांधलेले, तासभराच्या प्रवासाला सीटमध्ये कसेबसे मावलेले, आणि हे सगळं कशासाठी तर पाय मोडला तर कोणीतरी बिल भरावं एवढ्यासाठी. या तऱ्हेने राहून, सराव करून ही टीम जिंकत होती. बर्मिंगहॅमला त्यांच्या घरी जाऊन 31-14. नंतर एकच हार, घरच्या मैदानावर अ‍ॅरिझोनाकडून 22-17, मी त्या रात्री तिथेच होतो आणि पार्किंगमध्ये लोक एकमेकांशी बोलत नव्हते इतकं लागलं होतं ते. पुढच्या आठवड्यात अटलांटाला 36-6 ने झोडपून प्लेऑफमध्ये सगळ्यात आधी जागा पक्की केली. मग मेम्फिसला जाऊन 34-31, अगदी चुरशीची, 30 मार्च.

2 एप्रिलला लीग थांबवली.

पैशाचं काय झालं ते आता सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीचा मोठा गुंतवणूकदार रेजी फाउलर, त्याच्याकडे दाखवला तेवढा पैसा नव्हताच, पुढे क्रिप्टोच्या बेकायदा बँकिंगच्या केसमध्ये तो अडकला, या लीगला फसवल्याचा गुन्हाही त्यात होता, आणि 2023 मध्ये त्याला सव्वासहा वर्षांची शिक्षा झाली. पहिल्याच आठवड्यानंतर पगाराची ओढाताण सुरू झाली. तेव्हा कॅरोलायना हरिकेन्स या हॉकी टीमचे मालक टॉम डंडन पुढे आले, 25 कोटी डॉलर टाकतो म्हणाले, चेअरमन झाले, पेपरात मथळे आले, लीग वाचली. दीड महिन्याने त्यांनी हात वर केले. कारण सांगितलं की एनएफएलच्या खेळाडूंची युनियन त्यांची तरुण राखीव पोरं द्यायला तयार नाही. तोवर डंडन यांचे सात कोटी डॉलरच्या आसपास गेले होते. 17 एप्रिलला दिवाळखोरीचा अर्ज, टेक्सासच्या कोर्टात: देणी 4 कोटी 84 लाख डॉलर, रोख शिल्लक 5 लाख 36 हजार.

डंडन यांना मी एका बाबतीत माफ करू शकत नाही. त्यांचे पैसे होते, नको वाटले तर त्यांनी थांबावं, धंदा आहे. पण दोन आठवड्यांत साखळी संपत होती. प्लेऑफ होते, टेक्सासच्या फ्रिस्कोला 27 एप्रिलला फायनल ठरलेली होती. तेवढं होऊ दिलं असतं. बातमी खेळाडूंना कशी कळली, तर बऱ्याच जणांना ट्विटरवरून. मेम्फिसची पोरं हॉटेलवर परतली तर त्यांचं सामान लॉबीत आणून ठेवलेलं होतं असं तेव्हा छापून आलं. पोरांनी पदरमोड करून विमानाची तिकिटं काढली आणि घर गाठलं. ज्यांना मैदानावर दुखापत झालेली होती ते आता उपचाराचं काय म्हणून विचारत फिरत होते. त्या एवढ्या खटाटोपाने, बसने जाऊन, राज्य ओलांडून मिळवलेल्या विम्याच्या जोरावर खेळलेली माणसं, आणि शेवटी तोंडाला पानं पुसली गेली ती त्यांच्याच. फ्लोरिडातल्या लोकांसमोर स्परिअर हताशपणे बोलले की आम्हाला सांगितलं होतं पैसा भरपूर आहे, तीन वर्षं तोट्यात चाललं तरी चालेल. त्यांना यूएसएफएलचं आठवलं असेलच.

आणि म्हणून कोणी मला म्हणालं की अरे त्या लीगला काय अर्थ, आठ आठवड्यांची गंमत, तर मला राग येतो. गावच्या जत्रेत एखाद्याने कुस्ती मारली आणि नंतर पंचांनी इनामाचे पैसे बुडवले, तर पाठ टेकलेला गडी काही उठून विजयी होत नाही. कुस्ती झाली, चारचौघांनी बघितली, निकाल लागला. पैसे बुडवणाऱ्याची लाज पैलवानाने का वाहायची? अपोलोजने टाकलेला प्रत्येक पास खरा होता, समोरच्याने मारलेली प्रत्येक धडक खरी होती, माझ्या हातातला कप हलवणारे ते वीस हजार लोकही खरे होते.

आपल्याकडेही अशी एक टीम होऊन गेली हे पुण्यातल्या फार कमी लोकांना आठवतं. 2012 च्या सुमारास एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया निघाली होती, अमेरिकन फुटबॉलचीच, अमेरिकन पैशाची, आणि त्यात पुणे मराठाज नावाची टीम होती. कोलंबोला मॅच भरवल्या, टीव्हीवर दाखवल्या, आणि फायनलमध्ये पुण्याने दिल्लीला 6-0 ने हरवलं. त्या पोरांनी कधी न खेळलेला खेळ शिकून घेतला, हेल्मेट-पॅड चढवून त्या दमट हवेत खेळले, जिंकले. पुण्यात त्यांची साधी मिरवणूक तरी निघाली का? त्या टीममधलं कोणी हे वाचत असेल तर मनापासून सांगतो, तुमची चॅम्पियनशिप मी मोजतो.

अपोलोजची पोरं पांगली, काहींना एनएफएलचे फोन आले. गिल्बर्टला क्लीव्हलँडने घेतलं, मग डॅलसने. 8 नोव्हेंबर 2020, डॅलस काउबॉइज विरुद्ध पिट्सबर्ग, पिट्सबर्ग तोवर एकही मॅच न हरलेलं, डॅलसचे वरचे क्वार्टरबॅक एकामागून एक जायबंदी, आणि 29 व्या वर्षी गॅरेट गिल्बर्ट पहिल्यांदा एनएफएलची मॅच सुरुवातीपासून खेळायला उतरला. कोविडचे दिवस, मी घरात एकटाच टीव्हीसमोर, आणि त्याने पहिला मोठा पास टाकला तेव्हा मी ओरडलो ते शेजाऱ्यांना ऐकू गेलं. 243 यार्ड पास केले त्याने. शेवटच्या मिनिटापर्यंत डॅलस झुंजलं, 24-19 ने हरलं. समालोचक त्याच्या कॉलेजबद्दल बोलत होते, वडिलांबद्दल बोलत होते. मला मात्र तो ज्या शांतपणे उभा राहून पास टाकत होता त्यात बाउन्स हाउस दिसत होतं.

आमच्या शहराला हे नवं नाही. शेजारचे एक आजोबा इथलेच, जन्मापासूनचे, ते बोटांवर मोजून सांगतात: 1985 चे रेनेगेड्स, नव्वदच्या सुरुवातीचे थंडर, 2001 चे रेज, ती टीमही लीगमध्ये सगळ्यात जास्त जिंकली होती, 2009 चे टस्कर्स, मग आपले अपोलोज, मग 2023 चे गार्डियन्स, दहापैकी एकच मॅच जिंकले बिचारे आणि पुढच्या वर्षी लीगांच्या विलीनीकरणात गेले. आजोबा प्रत्येक टीमच्या मॅचला गेलेत. त्यांच्या गॅरेजमध्ये या सगळ्यांच्या टोप्या खिळ्यांना टांगलेल्या आहेत आणि अपोलोजची नारिंगी टोपी अजून टवटवीत आहे कारण घालायला वेळच मिळाला नाही.

2026 साठी परत एक टीम आली आहे, ऑर्लँडो स्टॉर्म, यूएफएल या वसंतातल्याच लीगची. सॉकरच्या स्टेडियममध्ये, डाउनटाउनजवळ. आजोबांनी मला विचारलं येणार का, मी हो म्हटलं, का नाही येणार. तेव्हापासून मी या टीमबद्दलच्या बातम्या वाचतोय आणि क्वार्टरबॅक कोण, जर्सी कुठल्या रंगाची हे मला नंतर कळलं तरी चालेल. ही पोरं सराव कुठे करणार आणि कोणाला लागलं तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, हे मी आधी शोधतोय.